तुलना कोणाशी केली?
(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी उत्तरासाठी निवडली आहेत. नवजात बाळाची गृहभेट, अडखळत वाचणारा मुलगा, पंचवीस टक्क्यांचे प्रवेश आणि निवडणुकीतला धर्म हे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील. परंतु जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणी ना कोणी पत्रलेखकाला "संशोधनाने सिद्ध झाले आहे" असे ऐकवलेले आहे आणि त्यापुढे काय बोलावे हे पत्रलेखकाला सुचलेले नाही. संशोधनपद्धती शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हे वाक्य कानावर पडले की अजूनही माझ्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो, तो मी या सदराच्या शीर्षकात दिला आहे.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याचे आमचे काम गडचिरोलीतील संशोधनातून आले, असे प्रशिक्षणात सांगितले गेले. त्या संशोधनात काही गावांना ही सेवा दिली आणि काही गावांना दिली नाही, हे ऐकून मन अस्वस्थ झाले. असे करणे योग्य होते का? आणि आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होत असताना आमच्या भेटींचा उपयोग उरला आहे का? (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : आपण ऐकलेली माहिती बरोबर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यात ही क्षेत्रीय चाचणी केली. ३९ गावांत सेवा देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. पहिली दोन वर्षे दोन्हीकडे केवळ जन्ममृत्यूंची नोंद झाली. त्या नोंदीत हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सेवेच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ आढळले, म्हणजे आरंभी दोन्ही भाग जवळपास सारखे होते. त्यानंतर थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत नेमले गेले. बाळाला ऊब देणे, स्तनपान सुरू करून देणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. काम सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतील प्रमाण २५.५ पर्यंत उतरले, तर तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आपल्या अस्वस्थतेचे उत्तर या शेवटच्या दोन आकड्यांतच आहे. तुलनेची गावे नसती, तर ६२ वरून २५.५ पर्यंतची घट पाहून कोणीही म्हणू शकले असते की रस्ते आले, पगारपाणी सुधारले, साथी कमी झाल्या, काळच बदलला. शेजारच्या गावांत काळ तोच होता आणि मृत्यू मात्र होते तिथेच राहिले, म्हणूनच ही घट आरोग्यदूतांच्या कामाची आहे असे ठामपणे म्हणता आले. तुलनेच्या गावांतून काही काढून घेतलेले नव्हते. शासनाची आरोग्यसेवा आणि अंगणवाडी दोन्हीकडे चालू होती. शिवाय, इंजेक्शन देण्याचे काम डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सोपवणे सुरक्षित आहे की नाही, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. उपाय लागू पडतो हे माहीत असताना तो रोखून धरणे हा अन्याय आहे, पण तो लागू पडतो की नाही हेच माहीत नसेल तर तुलना करणे हा त्या कामाचा भाग ठरतो. एवढे सांगूनही मी आपल्याला अस्वस्थ होऊ नका असे म्हणणार नाही, कारण नैतिकता समितीत बसणाऱ्या माणसांनाही हा प्रश्न टोचलाच पाहिजे.

या अभ्यासाची एक मर्यादा सांगायला हवी. कोणत्या गावाला सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, आणि शंका घेणाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले. त्यामुळे हाच विचार इतरत्र तपासणे आवश्यक होते. बांगलादेशातील सिल्हेट आणि उत्तर प्रदेशातील शिवगड येथील चाचण्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सिल्हेटमध्ये घट सुमारे ३४ टक्के आणि शिवगडमध्ये सुमारे ५४ टक्के आढळली, तर गडचिरोलीत, तुलनेच्या गावांतील बदल धरून, ती सुमारे ६२ टक्के होती. जागा बदलली, देखरेख बदलली, सेवेतील घटक बदलले की आकडा बदलतो, पण दिशा तीच राहिली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ पासून भारतभर आशांकडे हे काम आले.

आता आपला दुसरा प्रश्न. गडचिरोलीत ती चाचणी झाली तेव्हा बहुसंख्य बाळंतपणे घरीच होत होती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले. म्हणून तेव्हाची ६२ टक्क्यांची घट आजच्या भेटींच्या नावावर जशीच्या तशी लावणे चुकीचे आहे, आणि प्रशिक्षणात कोणी तसे सांगत असेल तर आपण हरकत घ्यावी. परंतु दवाखान्यातून आई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि कमी वजनाचे बाळ थंड पडणे, दूध ओढेनासे होणे किंवा जंतुसंसर्ग होणे हे धोके त्यानंतरही टळलेले नसतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठेवल्या आहेत, त्या याच कारणाने. पहिल्या आठवड्यातली भेट केवळ नोंदवहीत भरली गेली, तर मात्र हे संशोधन आपल्या गावापुरते निकामी झाले असे समजावे.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. तो हुशार आहे, तोंडी सर्व सांगतो, पण वाचताना अडखळतो आणि जोडाक्षरांत फार चुकतो. "अशी मुले विशेष शाळेत अधिक शिकतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे", असे शाळेने मला सांगितले आहे आणि दाखला काढून नेण्याचे सुचवले आहे. मी काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : प्रथम कायदा पाहू, कारण संशोधनाचा निकाल काहीही असला तरी शाळेला कायदा ओलांडता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून त्यानुसार शिकवण्याची पद्धत बदलायची आहे. याच कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली. विशेष शाळा निवडण्याची मुभा कायद्यात आहे, परंतु ती मूल आणि पालक यांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. तेव्हा दाखला काढू नये, आणि शाळेने केलेली सूचना लेखी मागावी. अनुभव असा आहे की लेखी मागितल्यावर पुष्कळ सूचना हवेत विरतात.

आता त्या 'सिद्ध' झालेल्या गोष्टीकडे वळू. विशेष शाळेतील मुले आणि सर्वसाधारण शाळेतील तशीच मुले यांची तुलना करणे वाटते तितके सोपे नाही, कारण ती मुले 'तशीच' नसतात. ज्या मुलाची अडचण सौम्य आहे आणि ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी आहे, ते बहुधा सर्वसाधारण शाळेत टिकते, आणि ज्याची अडचण तीव्र आहे ते विशेष शाळेत जाते. अशा दोन गटांचे गुण शेजारी मांडले, तर शाळेचा परिणाम कोणता आणि मुळातला फरक कोणता हे वेगळे करता येत नाही. आणि चिठ्ठ्या टाकून मुलांना शाळा वाटून देणे कोणत्याही पालकाला मान्य होणार नाही. या क्षेत्रातील अभ्यास एकत्र करून कॅम्पबेल या संस्थेने २०२२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. पद्धतीच्या कसोटीला उतरलेले अभ्यास थोडेच उरले, आणि त्यांची सरासरी काढली असता विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या शिक्षणावर समावेशाचा, म्हणजे त्यांना सर्वसाधारण वर्गात इतरांबरोबर शिकवण्याचा, ठळक चांगला किंवा ठळक वाईट असा कोणताच परिणाम दिसला नाही. समावेशक शिक्षणाच्या समर्थकांना, ज्यांत मीही आहे, हा निष्कर्ष फारसा आवडला नाही. परंतु तो शाळेच्या विधानालाही आधार देत नाही. सरासरी शून्याच्या आसपास येते तेव्हा काही मुलांना लाभ आणि काहींना तोटा झालेला असू शकतो, आणि तो वर्गातल्या आधारावर अवलंबून असण्याची शक्यता मोठी आहे. नुसते बाकावर बसवणे आणि शिकवणे या दोहोंना आपल्याकडे एकच नाव दिले जाते, ही खरी अडचण आहे.

आपल्या पत्रातील 'जोडाक्षरांत चुकतो' या शब्दांवर मी थोडा थांबलो. वाचनदोषावरचे जगातील बहुतेक संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेले आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरे पटकन येतात आणि स्पेलिंग उच्चाराशी जुळत नाही, ही तेथील रड असते. देवनागरीत उच्चार आणि लेखन पुष्कळ जुळते, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे मिळून शिकायच्या चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर केलेल्या कामातून असे दिसले की अशा अक्षरलिपीवर पूर्ण प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षे लागू शकतात, आणि देवनागरीची घडणही त्याच जातीची आहे. म्हणजे तिसरीत जोडाक्षरांत चुकणे एवढ्यावरून कोणताही शिक्का मारता येत नाही. इंग्रजीसाठी घडवलेली चाचणी भाषांतर करून मराठी मुलाला दिली, तर ती नेमके चुकीचे मोजते. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीसह काही भारतीय भाषांसाठी 'डाली' हा चाचणीसंच तयार केला आहे. मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांना, कोणत्या भाषेसाठी घडवलेली चाचणी आपण वापरणार आहात, हे अवश्य विचारावे.

निदान होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. रोज थोडा वेळ अक्षरगट फोडून वाचन घेणे, परीक्षेत तोंडी उत्तराची संधी देणे, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील मजकूर देणे या गोष्टींना प्रमाणपत्र लागत नाही. आपल्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात, त्यांची भेट मागावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निर्देशानंतर केंद्र शासनाने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असणाऱ्या दहा मुलांमागे एक असे ठरवले. प्रत्यक्षात एका शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा येतात हे आपल्याला भेटीनंतर कळेलच.

जाता जाता एक गोष्ट. "आमच्या तालुक्यात अशी मुले नाहीतच", असे कोणी आकडे दाखवून सांगितले, तर ते आकडे कोठले हे पाहावे. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, पण त्या जनगणनेतील आठ प्रकारांत अध्ययन अक्षमता हा प्रकारच नव्हता. जे मोजले नाही ते सापडले नाही, यात नवल नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या गरीब मुलांमुळे बाकीच्यांचा अभ्यास बिघडतो, अशी सधन पालकांची तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकली. यावर काही भरवशाचा अभ्यास झाला आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : झाला आहे, आणि तो आपल्या देशातलाच आहे. दिल्लीत सवलतीच्या दरात शासकीय जमीन मिळालेल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखणे बंधनकारक झाले. त्यामुळे एकाच शाळेत एका इयत्तेत सर्व मुले सधन घरची आणि तिच्या खालच्या इयत्तेत गरीब मुले मिसळलेली, अशी स्थिती आपोआप निर्माण झाली. ही इयत्तांची उतरंड अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तुलनेसाठी वापरली, आणि त्यांचा शोधनिबंध २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. मला या अभ्यासातली रिले शर्यत विशेष आवडते. शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगाने धावणारा गरीब मुलगा घ्यायचा की हळू धावणारा सधन घरचा, हे सधन मुलांनी ठरवायचे होते आणि जिंकल्यास पैशाचे बक्षीस होते. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती त्यांनी असा भेद कमी केला. ती मुले अधिक उदार वागतात आणि शाळेतील मदतकार्यात अधिक उतरतात, असेही आढळले.

अभ्यासाचे काय, तर सर्व विषयांच्या एकत्रित गुणांवर, तसेच हिंदी आणि गणितावर परिणाम दिसला नाही. इंग्रजीचे गुण किंचित घटल्याची खूण होती आणि तोंडी शिवीगाळीच्या तक्रारी थोड्या वाढल्या. सधन पालकांची तक्रार अगदीच निराधार नाही, पण ती जेवढ्या आवाजात केली जाते तेवढी मोठीही नाही. गरीब मुलांचे स्वतःचे काय झाले, हा प्रश्न या अभ्यासाने विचारलेला नव्हता, आणि चर्चा करणारे ही बाब हमखास विसरतात. महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. त्या काळातल्या चर्चेत मुलांच्या शिक्षणापेक्षा शासनाने शाळांना द्यायच्या शुल्कप्रतिपूर्तीच्या थकबाकीविषयीच अधिक बोलले गेले, हे आपणही पाहिले असेल.

प्रश्न : बी.एड.च्या प्रकल्पासाठी मी वर्गातील मुलांना प्रश्नावली देणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, ती पुरेशी आहे ना? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : नाही. पालकांची संमती हवी आणि मुलाचा होकारही हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यसंशोधनासाठी आहेत, पण शिक्षणातही ती उपयोगी पडतात. त्यांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार घ्यावा. प्रश्नावलीवर नाव आणि हजेरीक्रमांक लिहून घेऊ नये.

प्रश्न : धर्माविषयीच्या एकाच सर्वेक्षणावरून एका वृत्तपत्राने 'भारतीय सहिष्णु' आणि दुसऱ्याने 'भारतीय दुरावलेले' असा मथळा दिला होता. खोटे कोण बोलत होते? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कोणीच नाही. आपण बहुधा अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ मधील अहवालाविषयी विचारत आहात. त्यासाठी २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या मार्चपर्यंत २९,९९९ प्रौढांच्या १७ भाषांत समक्ष मुलाखती घेण्यात आल्या. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे, असे ८४ टक्के लोक म्हणाले. त्याच लोकांत ६७ टक्के हिंदूंनी हिंदू स्त्रियांचे आणि ८० टक्के मुस्लिमांनी मुस्लिम स्त्रियांचे धर्माबाहेरचे विवाह रोखणे फार महत्त्वाचे मानले. पहिल्या वृत्तपत्राने पहिला आकडा घेतला, दुसऱ्याने दुसरा. शेजारधर्म पाळावा पण सोयरीक करू नये, ही वृत्ती आपल्या गावगाड्याला नवी नाही. तिला विसंगती मानायचे की व्यवस्था, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

अशा सर्वेक्षणाचे आकडे वाचताना प्रश्नाचे शब्द पाहण्याची सवय ठेवावी. मराठीत 'धर्म' म्हटले की उपासनापंथही येतो आणि कर्तव्यही येते. 'शेजारधर्म' हा शब्द वर मी सहज वापरला, त्यातला 'धर्म' कोणत्या देवाचा आहे? समोर बसलेल्या अनोळखी मुलाखतकाराला माणूस शोभेलसे उत्तर देतो, हेही लक्षात असू द्यावे. आदराविषयीच्या प्रश्नाला 'नाही' म्हणणे अवघड असते, विवाहाविषयीच्या प्रश्नाला तेवढे नसते.

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम.ए. करीत आहे. 'धर्माच्या प्रचारामुळे निवडणूक जिंकली जाते' हे मला लघुशोधप्रबंधात सिद्ध करायचे आहे. त्यासाठी धार्मिक प्रचार करून विजयी झालेल्या दहा उमेदवारांची भाषणे मी जमवली आहेत. मार्गदर्शक म्हणतात की यातून काहीच सिद्ध होत नाही. ते तसे का म्हणतात? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे. आपण फक्त विजयी उमेदवार घेतले आहेत. तसाच प्रचार करून पडलेले किती आणि तसा प्रचार न करता निवडून आलेले किती, हे आपल्याजवळ नाही. गडचिरोलीत तुलनेची सत्तेचाळीस गावे नसती तर जे झाले असते, तेच आपले झाले आहे.

राजकारणात गावे वाटून घेता येत नाहीत, म्हणून अभ्यासकाला जोड्या शोधाव्या लागतात. आशुतोष वार्ष्णेय यांचा हिंदू-मुस्लिम दंग्यांवरील २००२ मधील अभ्यास आपण वाचावा. त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी १९५० ते १९९५ या काळातील 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बातम्यांवरून दंग्यांची नोंद तयार केली. त्यातून दिसले की खेड्यांच्या वाट्याला एकूण मृत्यूंपैकी जेमतेम ३.६ टक्के आले आणि केवळ आठ शहरांत जवळजवळ निम्मे मृत्यू झाले. मग वार्ष्णेय यांनी लोकसंख्येची धार्मिक घडण साधारण सारखी, पण दंग्यांचा इतिहास निराळा, अशा शहरांच्या जोड्या लावल्या : अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था यांत दोन्ही धर्मांची माणसे एकत्र काम करतात तेथे अफवेला आगीचे रूप येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रातले उदाहरणही त्यात आहे. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

लगेच यावर विश्वास ठेवू नये. विल्किन्सन यांनी त्याच नोंदींवरून वेगळे मांडले. सत्तेवर राहण्यासाठी सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर ते पोलिसांना दंगा रोखायला लावते, नसेल तर लावत नाही, असा त्यांचा २००४ मधील निष्कर्ष आहे. पॉल ब्रास यांचा रोख आणखी वेगळा होता. दंगा घडवण्यासाठी ठरावीक माणसांचे जाळे आधीच तयार असते, असे ते म्हणत. शिवाय मुंबईहून निघणाऱ्या वृत्तपत्राला दूरच्या कसब्यातली चकमक दिसेलच असे नाही. माझे मत विचाराल तर भिवंडीचे उदाहरण वार्ष्णेय आणि विल्किन्सन या दोघांच्याही चौकटीत थोडे अवघडून बसते, कारण तेथील समित्या व्यापाऱ्यांनी नव्हे, मतांच्या गणितानेही नव्हे, तर एका पोलीस अधिकाऱ्याने उभ्या केल्या होत्या. अशी अवघडलेली उदाहरणे लघुशोधप्रबंधासाठी सोन्यासारखी असतात.

आपल्या मूळ विषयाला जवळचे साधन हवे असेल तर निवडणूक याचिका पाहाव्यात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण आहे. विलेपार्ले मतदारसंघातील १९८७ च्या पोटनिवडणुकीवरून रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी ती रद्दच राहू दिली. त्याच निकालात हिंदुत्व या शब्दाचा अर्थ जीवनपद्धती असाही होऊ शकतो, असे न्यायालय म्हणाले. निकालाचा हा दुसरा भाग सर्वांच्या लक्षात राहिला आणि उमेदवाराची निवड गेली हा पहिला भाग विसरला गेला. त्याच दिवशी मनोहर जोशी यांच्या खटल्यात, महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे विधान म्हणजे केवळ आशा व्यक्त करणे आहे, असे मानून त्यांची निवड कायम ठेवली गेली. पुढे सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध आहे.

मात्र याचिका वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. हे कलम संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांचे आहे, म्हणून आपण महानगरपालिकेची भाषणे जमवली असतील तर ती बाजूला ठेवावीत. दुसरे असे की याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत आणि बहुधा पराभूत बाजूकडून दाखल होते. वकिलाचा खर्च पेलणारा, पुरावा जमवणारा आणि विजयी उमेदवाराशी उघड वैर घेणारा माणूस असेल तेथेच ती होते. ज्या मतदारसंघात धर्माच्या नावाने प्रचार करूनही उमेदवार पडला, तेथे कोण याचिका करणार? ते मतदारसंघ आपल्याला न्यायालयाच्या दप्तरात नव्हे, तर स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत शोधावे लागतील. आपण जमवलेली दहा भाषणे फेकून देऊ नयेत. त्यांच्या शेजारच्या, जातीधर्माची घडण साधारण तशीच असलेल्या मतदारसंघातील पडलेल्या उमेदवारांची दहा भाषणे मिळवावीत, आणि प्रबंधाच्या नावातला 'सिद्ध' हा शब्द काढून टाकावा.